पळवून नेलेल्या बायकांच्या गोष्टी

द्वारका परुळेकर कुवेतला आली तेव्हा बत्तीस वर्षांची होती आणि पहिल्या तीन वर्षांतच तिच्या पायांनी तक्रार सुरू केली. लेबर रूममध्ये बसायला वेळ नसे. एक बाई टेबलावर, दुसरी खाटेवर कण्हतेय, तिसरीच्या बरोबर आलेल्या पाच बायका दारात अंगभर काळ्या अब्या सावरत उभ्या, आणि प्रत्येकीला वाटे की या हिंदी सिस्टरने आधी आमच्याकडे यावं. ड्यूटी संपली की द्वारका मिरकाबमधल्या नर्सेसच्या हॉस्टेलवर जाई, पाय उशीवर टाकून छताकडे बघत पडे. जेवायचं की नाही, याचा विचार करता करताच पुष्कळदा झोप लागे.

ती वेंगुर्ल्याजवळच्या गावची. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांना ती "राहून गेलं" एवढंच सांगे. गावी म्हातारी आई होती आणि तारा होती, थोरल्या बहिणीची मुलगी. बाळंतपणाला माहेरी आलेली बहीण कुसुम ताराला जन्म देऊन अकराव्या दिवशी गेली. तेव्हा द्वारका सोळा वर्षांची होती. त्यानंतर दोन वर्षांनी ती नर्सिंग शिकायला मुंबईला गेली. घरच्यांना तिची ही हिंमत नवलाची वाटली. ती हिंमत नव्हती. तिला त्या घरात राहवत नव्हतं, एवढंच.

लेबर रूमची इन्चार्ज होती नोरीन डोलन. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावातली, पन्नाशीला आलेली, लांबट चेहऱ्याची, तीही बिनलग्नाची. तिचं इंग्रजी सुरुवातीला द्वारकाला निम्मंच कळे. पण नोरीन कधी ओरडत नसे आणि बाळ अडलं की स्वतः हातमोजे चढवून पुढे येई, त्यामुळे द्वारकाला ती आवडली. दुपारी अडीचच्या सुमाराला वॉर्ड जरा निवला की दोघी मागच्या खोलीत चहा घेत. बाहेर तोज, म्हणजे तिथलं धुळीचं वादळ, उठलेलं असलं की खिडकीच्या फटींना ओले टॉवेल लावून बसायचं, तरी चहावर बारीक वाळूची साय धरायचीच.

त्या खोलीत नोरीन गोष्टी सांगे. तिच्या आजीकडून ऐकलेल्या. त्यांच्याकडे टेकड्यांच्या पोटात, समुद्राच्या तळाशी दुसरीच एक वस्ती राहते म्हणे. त्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांना 'भली माणसं' म्हणायचं. द्वारकाला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या गावात सापाला साप म्हणत नसत, लांबडं म्हणत.

"सगळ्यात जास्त त्यांना काय लागतं, सांग बरं?" नोरीनने एकदा विचारलं.

"काय?"

"बायका. बाळंतिणी, सुईणी, दूध पाजणाऱ्या. त्यांच्याकडे बाळं नीट जन्मत नाहीत, म्हणून आमच्या बायका पळवतात."

मग तिने सुईणीची गोष्ट सांगितली. एक अनोळखी स्वार येऊन सुईणीला घेऊन जातो, टेकडीतल्या महालात. बाळ होतं. बाळाच्या डोळ्यांना लावायला मलम देतात आणि चुकून सुईणीचं बोट तिच्या स्वतःच्या डोळ्याला लागतं. त्या डोळ्याने बघते तर महाल नाहीच, ओली गुहा आहे, आणि गवतावर पडलेली बाळंतीण म्हणजे तिच्याच शेजारची गेल्या साली मेलेली पोर. सुईण गप्प घरी येते. पुढे बाजारात तिला तोच स्वार दिसतो, जो दुसऱ्या कोणालाच दिसत नाही, ती त्याला बाळंतिणीची खुशाली विचारते. तो म्हणतो, "कुठल्या डोळ्याने बघतेस मला?" ती सांगते, आणि तो तो डोळाच फोडून टाकतो.

"म्हणजे बाळंतपण करायला गेली आणि डोळा घालवून आली," द्वारका म्हणाली. "दिसलं ते चुकलं की विचारलं ते चुकलं?"

"आजी म्हणायची, विचारलं ते."

असं करत करत पुष्कळ बायका त्या खोलीत येऊन गेल्या. सीलचं कातडं काढून किनाऱ्यावर नाचणारी बाई. कोळ्याने तिचं कातडं लपवलं आणि तिला बायको करून घेतलं. सात वर्षांनी कातडं सापडताच ती मुलांना वाळूवर सोडून समुद्रात गेली. जुन्या घराण्यांत कोणी मरायचं असलं की भिंतीबाहेर केस विंचरत रडणारी बॅनशी.

"दुसऱ्याच्या घरच्या मरणाला रडायचं, एवढीच तिची ड्यूटी?"

"एवढीच. आणि पेन्शन नाही," नोरीन म्हणाली. दोघी हसल्या. द्वारका हसते तेव्हा तिच्या लक्षात येई की आपण बऱ्याच दिवसांनी हसलो.

पण एका दुपारी नोरीनने जी गोष्ट सांगितली ती द्वारकाने पुरती ऐकली नाही. एका शेतकऱ्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. बोलेना, खाईना, बाळाकडे बघेना. नवरा म्हणाला, ही ती नव्हेच. तिला भल्या माणसांनी नेलं आणि तिच्या रूपाचं हे काहीतरी खाटेवर टाकून दिलं. खरीला परत आणायचं तर खोटीला हाकललं पाहिजे. नातेवाइकांनी तिला धरलं, कडू पाला कोंबला, चुलीपाशी नेलं. तीनदा विचारलं, "तू कोण?" दोनदा तिने सांगितलं, मी तुमचीच. तिसऱ्यांदा ती दमली होती.

द्वारका उठली. कप तसाच ठेवून वॉर्डात गेली आणि जिथे काही काम नव्हतं तिथे चादरी बदलू लागली.

कुसुमला नवव्या दिवशी असंच झालं होतं. ताप होता, ती भिंतीकडे तोंड करून पडायची, बाळ जवळ दिलं तर हात पसरायची नाही. गावातला घाडी, म्हणजे भुतंखेतं उतरवणारा, आला, त्याने तांदूळ बघितले आणि म्हणाला, विहिरीवरची जखीण आहे. आईने खोलीची खिडकी लावली. शेगडीवर मिरच्यांची धुरी घातली. घाडी विचारत होता, "बोल, तू कोण?" आणि कुसुम खोकत होती. पहिल्या मूठभर मिरच्या पुऱ्या पडल्या नाहीत तेव्हा आई म्हणाली, "द्वारका, आणखी आण गो." द्वारकाने आणल्या. फडताळातला डबाच आणला. दोन दिवसांनी कुसुम गेली. पुढे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला बाळंतपणानंतरच्या तापाचा धडा शिकवला गेला, मनाच्या आजाराचाही, तेव्हा द्वारका वर्गातून बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली होती. कोणाशी बोलली नाही. नोरीनशीही नाही.

सन एक्याऐंशीच्या मार्चमध्ये मालन द्वारकाच्या हातून बाळंत झाली. कुडाळकडची बावीस वर्षांची मुलगी, नवरा शंकर एअर कंडिशनरचा मेकॅनिक, दोघं फरवानियात एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायची. मुलगी झाली. मालन गोड बोलायची, टाके घालतानाही "सिस्टर, तुमका तरास होता" म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी घरी गेली.

वीसेक दिवसांनी वॉर्डात फोन आला. मालनच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या चारुशीलाबाई बोलत होत्या. मालनला घरी सोडताना द्वारकाने त्यांनाच वॉर्डाचा नंबर लिहून दिला होता.

"सिस्टर, ती पोर आठवडाभर बोलत नाही हो. बाळ माझ्याकडेच आहे, डब्याच्या दुधावर. आणि आज वरून मिरच्यांचा वास येतोय. तो दार उघडत नाही."

द्वारकाची ड्यूटी दोनला संपत होती. ती युनिफॉर्मवरच बसमध्ये चढली. फरवानियाच्या थांब्यावर उतरून चालताना तिला एकच वाटत होतं की आपण पोचूच नये. 

शंकरने दार बोटभर उघडलं. नाकावर रुमाल बांधलेला, डोळे लाल.

"सिस्टर, तुमी ह्याच्यात पडा नकात."

द्वारकाने खांदा लावून दार ढकललं. आत धूर इतका होता की खोलीचं टोक दिसत नव्हतं. मालन भिंत आणि कपाट यांच्या मधल्या बेचक्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. केस सुटलेले, झग्याचा पुढचा भाग दुधाने भिजून वाळून कडक झालेला. द्वारकाने शेगडी फडक्याने उचलून मोरीत ओतली आणि खिडकीच्या काचा सरकवल्या.

"कोणी सांगल्यान ही धुरी घालूक?"

"गावच्या घाड्यान. आवशीचा पत्र इला. अंगारोय धाडल्यान." शंकर बोलता बोलता रडायला लागला. सव्वीस वर्षांचा बाप्या, हातात कामाचे घट्टे. "सिस्टर, ही माझी मालन न्हय. तोंड तिचा आसा, पण आत दुसरीच कोण तरी बसली हा. मी तिका नाव इचारतंय, ती सांगणा नाय."

द्वारकाला खोकला आवरेना. खोकता खोकताच ती म्हणाली, "माझ्या भयणीकय असाच इचारल्यानी. ती अकराव्या दिसाक गेली. मिरच्यो मीच दिल्लंय."

तेवीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा तिच्या तोंडून बाहेर आलं, आणि आलं ते एका परक्या माणसापुढे, धुरात. शंकरने नाकावरचा रुमाल खाली ओढला.

"मगे मी काय करू?"

"टॅक्सी बोलव."

तो हलला नाही.  शेवटी द्वारका आणि चारुशीलाबाई दोघींनी मालनला दोन्हीकडून धरून खाली आणलं. जिन्यावर ती एकेका पायरीला थांबत होती. टॅक्सीवाला पठाण होता. त्याने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि काही न विचारता गाडी हाकली.

मनाच्या आजारांच्या इस्पितळात डॉक्टर रबिया नावाच्या बाई होत्या. त्यांनी मालनला तपासलं, स्तनांत गाठी झाल्या होत्या त्यावर औषध दिलं आणि मग द्वारकाला बाजूला घेऊन सांगितलं, "आजार आहे. बाळंतपणानंतर होतो, आमच्यातही होतो. आमच्याकडे जिन्न म्हणतात. बरी होईल, वेळ लागेल." मालन तिथे सात आठवडे होती. चारुशीलाबाई दर शुक्रवारी बाळाला तिच्याकडे नेत. पाचव्या शुक्रवारी तिने बाळाचं टोपडं सारखं केलं, असं त्यांनी फोनवर सांगितलं.

शंकरच्या खोलीवर मात्र गाववाले जमले. बायकोला वेड्यांच्या इस्पितळात टाकली, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, ती सिस्टर कोण लागून गेली? त्यांनी अर्ज लिहून घेतला, शंकरने सही केली. नवऱ्याच्या परवानगीविना पेशंटला घरातून उचलून नेल्याची तक्रार हॉस्पिटलच्या कचेरीत आली.

चौकशीला द्वारका आणि नोरीन शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. कागदावरचा प्रश्न साधा होता: ही नर्स पेशंटच्या घरी कोणाच्या सांगण्यावरून गेली?

द्वारका तोंड उघडणार तोच नोरीन म्हणाली, "माझ्या. मी पाठवलं."

ते धादांत खोटं होतं. नोरीन त्या दिवशी सुटीवर होती. पण कचेरीतल्या कोणी हजेरीपुस्तक उघडून पाहिलं नाही. दोघींना ताकीद मिळाली. द्वारकाला लेबर रूममधून काढून तळघरात हत्यारं उकळायच्या विभागात टाकलं. दीड वर्ष ती वाफेत चिमटे आणि कात्र्या मोजत राहिली. नोरीनचा करार संपत आला होता, तो पुढे वाढवला गेला नाही.

नोरीन जायच्या आधी एकदा तळघरात आली. दोघी उकळत्या भांड्यांपासून लांब, लाकडी खोक्यांवर बसल्या. तेव्हा द्वारकाने तिला कुसुमचं सांगितलं. नोरीनने मध्ये एकदाही "बिचारी" वगैरे म्हटलं नाही.

मग द्वारकाने विचारलं, "तुमच्या गोष्टींत बायकांना कुणी काही विचारत का नाही? नेतात, आणतात, कातडं लपवतात, डोळा फोडतात. आणि विचारतात तेव्हा एकच, तू कोण?"

"आजी गोष्ट सांगायला बसली की समोर पुरुषही असायचे," नोरीन म्हणाली. "बायकाच असल्या, लोकर पिंजायला वगैरे, की ती तीच गोष्ट वेगळी सांगायची. नेलेल्या बायकोला सोडवायला नवरा येतो, भल्या माणसांच्या घोड्यावरून ती जाताना तिला खाली ओढ असं त्याला सांगितलेलं असतं. आणि ती त्याला हळूच म्हणते, ओढू नकोस. इथे गाणं आहे आणि धुणं नाही."

"मग?"

"मग काय, तो ओढतोच. सगळ्या बायका हसायच्या. आणि मग कोणीच हसायचं नाही." नोरीनने गुडघे चोळले. "त्या चुलीवरच्या बाईची गोष्ट मात्र आजी दोन्हीकडे सारखीच सांगायची. ती आजीच्या आईच्या गावात घडलेली होती. आजीच्या आईनेही तेव्हा दार धरून ठेवलं होतं की काय, मला कधी कळलं नाही. मी विचारलं नाही."

नोरीन गेली. वर्षातून एक नाताळचं कार्ड येई. त्यावर मेंढ्या आणि बर्फ असे आणि खाली तिच्या लांबट अक्षरात दोन ओळी.

द्वारकाला पुढे लेबर रूममध्ये परत घेतलं, कारण माणसं कमी पडत होती. काम तेच, बायका त्याच, फक्त आता ती इन्चार्जच्या खुर्चीशेजारून जाताना तिकडे बघत नसे. दर दोन वर्षांनी ती गावी जाई. तारा मोठी झाली, तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली. तिच्या दोन्ही बाळंतपणांत सासरच्यांनी दाराला बिब्बे टांगले आणि रात्रंदिवस तिच्यावर पाळत ठेवली, कारण तिची आई 'धरलेली' होती. तारा हे हसत सांगे. द्वारका ऐकून घेई आणि विषय बदले.

शहाऐंशीच्या थंडीत एका शुक्रवारी द्वारका अबू हलीफाला एका मैत्रिणीकडे जेवायला गेली होती. परतताना जमियात, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानात, साबण घ्यायला शिरली, तर भाजीच्या फळीपाशी शंकर. पोट सुटलेलं, केस विरळ. त्याने तिला ओळखलं आणि एकदम हात जोडले.

"सिस्टर! कशा आसास? आमी आता हंयच ऱ्हवतो. मालन, सिस्टर बघ गो."

मालन ढकलगाडीला धरून उभी होती, अंगाने भरलेली. तिने द्वारकाकडे पाहिलं आणि नजर टोमॅटोंवर वळवली. तिच्याबरोबर पाच वर्षांची मुलगी होती, तिने "हॅलो आंटी" म्हटलं. शंकर बोलत राहिला, कंपनीचं, नव्या फ्लॅटचं. अर्जाचं नाव त्याने काढलं नाही. द्वारकाने साबण घेतला, पैसे दिले आणि ती बाहेर येऊन बसच्या थांब्यावर बसली. तिला वाईट वाटलं नाही. कुठल्या बाईला त्या दिवसांची साक्षीदार समोर आलेली आवडेल?

पाठीमागून चपलांचा आवाज आला. मालन एकटीच आली होती, धावत आल्यासारखी.

"सिस्टर, एक सांगूचा होता."

"बस."

ती बसली नाही. "सगळे म्हणतत, ती गेल्ली आणि मगे परत इली. ह्येय म्हणतत, आवयय म्हणता. मी खंय गेललंय नाय, सिस्टर. मी थंयच होतंय. सगळा आयकत होतंय. ह्येनी नाव इचारल्यानी ता, तुमी भयणीचा सांगितलास ता. माका बोलाक येय नाय होता, तितक्याच."

द्वारकाने मालनचा हात धरला. मालनने तो थोडा वेळ राहू दिला, मग "चलतंय, चेडू वाट बघता" म्हणून ती परत गेली.

बस आली आणि गेली. द्वारका थांब्यावर बसून राहिली. इतकी वर्षं तिने स्वतःला सांगितलं होतं की तापात कुसुमला काही कळत नव्हतं. शुद्ध नव्हती, म्हणजे मिरच्या कोणी आणल्या हेही तिला दिसलं नसणार. आता तिला कुसुमचे डोळे आठवले. ते उघडे होते. दुसरी बस आली तेव्हा ती कठड्याला धरून चढली.

त्याच आठवड्यात तिने ताराला पत्र लिहिलं. चार दिवस लागले, कारण ड्यूटीनंतर दहा ओळींपलीकडे हात चालत नव्हता. आजार कसला होता ते लिहिलं, घाडी, खिडकी, शेगडी, आणि डबा कोणी आणला तेही लिहिलं. 'तुझी आई कुठे गेली नव्हती, तिला कोणी धरलं नव्हतं. ती तिथेच होती. आम्ही तिचं ऐकलं नाही.' पत्र पेटीत टाकलं आणि महिना, दीड महिना काही आलं नाही. द्वारका धरून चालली की आता येणारही नाही.

मग उत्तर आलं, वहीच्या एका कागदावर.

'मावशी, पत्र मिळालं. पुष्कळ दिवस राग आला, अजून आहे. आजीला दाखवलं नाही, तिला आता झेपणार नाही. आई बोलत नव्हती, गप्प होती, हेच सगळ्यांनी मला सांगितलं आहे. ती बोलायची तेव्हा कशी बोलायची, ते कोणीच सांगितलं नाही. तुला आठवत असेल तर लिही.'

द्वारकाने कागद युनिफॉर्मच्या खिशात ठेवला. त्या दिवशी लेबर रूममध्ये चार बाळंतपणं झाली, एक जुळ्यांचं. हात काम करत होते आणि ती मनात कुसुमचा आवाज शोधत होती. कण्हणं आठवत होतं, खोकणं आठवत होतं, त्याच्या पलीकडचं काही हाती लागत नव्हतं. दुपारी मागच्या खोलीत ती एकटीच चहा घेऊन बसली, तेव्हा एकदम तिला कोंबड्या आठवल्या. संध्याकाळी कुसुम त्यांना खुराड्यात बोलवायची. प्रत्येक कोंबडीला नाव ठेवलेलं होतं, आणि एक तांबडी यायचीच नाही, तिला ती सासूच्या आवाजात रागवायची, कमरेवर हात ठेवून, "येता काय, का पालखी धाडू?"

तिने पेन काढलं आणि औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर, चहा निवत असतानाच, कोंबड्यांची नावं लिहायला घेतली. सहा होत्या. चार आठवली.